आखणी दुसऱ्याची

३ डिसेंबर

माझे कान तिखट, हे पेणमध्ये सगळ्यांना माहीत आहे. खाली गणपतींचा कारखाना, वर आमचं घर, मध्ये लाकडी जिना. जिन्यावर मधोमध बसलं की कारखान्यात कोण कुणाची निंदा करतंय आणि स्वयंपाकघरात माझी किती चाललीय, दोन्ही ऐकू येतं. धंदा मी असाच कानाने शिकलो. पंधराव्या वर्षी खांब गावाहून इथे आलो तेव्हा मालकाला ठोकून दिलं, साचाकाम येतं म्हणून. येत कुठे होतं? शेजारचा कारागीर काय बोलतो ते ऐकत आठ दिवसांत शिकलो. आज माझ्याकडे चौदा माणसं आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांनी मलाही असंच ठोकून दिलेलं आहे.

आज जे ऐकलं ते वरचं. ऋतुजा आईला तिचं काम समजावत होती. बीएस्सी आयटी होऊन पोरीला सहा महिने झाले, आता पेणातच एका क्लासमध्ये टेस्टिंग शिकतेय.

"आई, कुणीतरी प्रोग्राम लिहितं. तो कुठे फसतो ते लोकांच्या हातात जायच्या आधी आपण शोधायचं."

"म्हंजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या?" शकू म्हणाली. "त्याला क्लास कशाला लावलास गो? तुझी आजी फुकट काढायची."

"आजी चूक सापडली की ओरडायची. आम्ही लिहून ठेवतो."

दोघी हसल्या. मीही पायरीवर तोंड दाबून हसलो. पण मनात आलंच, एवढं शिकवून पोरीने चुकाच का शोधायच्या? करणाऱ्याचं नाव होतं. शोधणाऱ्याला कोण ओळखतं?

१२ जानेवारी, रविवार

ऋतुजाला घेऊन रोह्याला गेलो. रविवारी कुठे इंटरव्ह्यू असतो, म्हणून मला आधी शंका होती. तिथे गेल्यावर उलगडलं. मालक एलियास अष्टमकर, ज्यू माणूस. ऑफिस शनिवारी बंद, रविवारी चालू. सत्तरीला आलेत. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात घर, सात पिढ्यांचं म्हणाले. दुकानावरच्या दोन खोल्या, पाच माणसं, कोपऱ्यात एक माठ. धाटावच्या कारखान्यांना कामगारांच्या हजेरीचे प्रोग्राम करून देतात.

त्यांनी पोरीला एक प्रश्न विचारला नाही. संगणकासमोर बसवलं आणि म्हणाले, "हा आमचा प्रोग्राम. यात मी दोन चुका मुद्दाम ठेवल्यात. शोध. घाई नाही. चहा घेशील ना?"

मी पार्टिशनच्या अलीकडे बाकावर. दोन तास नुसती टकटक. मग ऋतुजाचा आवाज आला, "सर, तीन आहेत."

"तीन कशा असतील? मी दोनच ठेवल्यात."

"तीन आहेत, सर."

त्यानंतर बराच वेळ दोघं हळू बोलत होते. बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते तिचे. "कळवतो" म्हणाले.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन गेल्यावर तिला कंठ फुटला, तो पेण येईपर्यंत थांबला नाही. "आप्पा, रात्रपाळीचा माणूस अकराला गेटातून आत येतो, सकाळी सातला बाहेर पडतो. मध्ये तारीख बदलते. प्रोग्रामला वाटतं, काल आलेला माणूस गेलाच नाही आणि आज गेलेला आलाच नव्हता. म्हणजे राबूनसुद्धा दोन्ही दिवस गैरहजर! ही चूक त्यांनाच माहीत नव्हती. गोविंदामामा रात्रपाळी करतो ना, म्हणून माझ्या डोक्यात आलं." हात एवढे हलवत होती की समोरच्या बाईची वालाच्या शेंगांची पिशवी कलंडली. शेंगा गोळा करतानाही बोलणं चालूच.

पोर खूश होती. पण एका माठातलं पाणी पिणारी पाच माणसं, ही काय कंपनी झाली?

१७ जानेवारी

सकाळी एलियास सरांचा फोन आला, माझ्यावर. ऋतुजाचा लागत नव्हता म्हणून फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला म्हणाले. "हैबतराव, मुलगी आमची. तिला शोधायची नजर आहे. आणि जे येत नाही ते येत नाही म्हणते, हे मला जास्त आवडलं. एक तारखेपासून पाठवा. दोन वर्षांत अशी तयार करतो की कुठेही उभी राहील."

मी म्हटलं, "सर, फार उपकार. पण तिचं पुण्यात जमल्यासारखं आहे."

पुण्यात काही जमलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात कोलाडला एका लग्नात हर्षद भेटला होता, आमच्या रंगवाल्याचा भाचा. पुण्यात मुलांना आयटीत लावून द्यायचं त्याचं ऑफिस आहे. "काका, ऋतुजाला सरळ मोठ्या कंपनीत बसवू," म्हणाला होता. एवढंच.

एलियास सर म्हणाले, "चांगलं झालं. तिला माझे आशीर्वाद सांगा. पंधरा दिवस जागा ठेवतो, विचार बदललाच तर."

ऋतुजाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पळत गेली असती. रोह्याला गेलेलं माणूस रोह्याचंच होऊन बसतं. पोरीचं भलं पोरीला थोडं उशिरा कळलं तर बिघडत नाही.

३० जानेवारी

जेवताना विचारलंन, "आप्पा, रोह्याहून फोन नाही ना आला?"

"नाही."

"मीच करू का?"

"मागे लागलं की किंमत उतरते. घ्यायचं असतं तर त्यांनी केला असता."

ताटात बघत म्हणाली, "माझी तिसरी चूकच चुकीची असणार."

जरा टोचलं. जरासंच.

९ फेब्रुवारी

हर्षद घरी आला होता. बोलायला गोड, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. त्याने योजना सांगितली. कागदावर ऋतुजाला तीन वर्षांचा अनुभव दाखवायचा. इंटरव्ह्यू संगणकावर होतो. कॅमेऱ्यासमोर ऋतुजा बसेल, बोलेल त्याच्या ऑफिसमधली प्रणिता. ऋतुजाने फक्त ओठ हलवायचे. कामाला लागल्यावरही प्रणिता फोनवर मदत करेल. "काका, सहा महिन्यांत ही स्वतःच शिकते. सगळे शिकतात."

ऋतुजा उभी राहिली. "हे खोटं आहे."

"ताई, इंडस्ट्रीत हेच चालतं."

तो गेल्यावर मी तिला माझ्या परीने समजावलं. म्हटलं, आपल्या धंद्याकडे बघ. मूर्ती आपली, साचा आपला, रंग आपला. डोळ्यांची आखणी कोण करतं? सखा. हमरापूरहून येतो, मूर्तीमागून मूर्ती डोळे आखतो आणि दुसऱ्या कारखान्यात जातो. असे हात पेणमध्ये मोजके. गिऱ्हाईक म्हणतं, वा, हैबतरावांचा गणपती काय बघतो! मी नमस्कार करतो. मी कधी सांगत बसतो का, डोळे सखाचे म्हणून? आणि मला कुणी खोटारडा म्हणतं का? जे आपल्याला येत नाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं, मूर्ती आपल्या नावाने जाते. मीही पहिल्या दिवशी खोटं बोलूनच आत शिरलो होतो. आत शिरल्यावर माणूस खरा होतो.

ती हळूच म्हणाली, "रोह्यालासुद्धा नाही घेतलं मला." आणि थोड्या वेळाने, "चालेल, आप्पा."

मी गप्प राहिलो. सौदा जमत असताना मध्ये बोलू नये.

४ मार्च

आज दुपारी इंटरव्ह्यू झाला. प्रणिता आणि हर्षद सकाळीच पुण्याहून आले. प्रणिता तिशीची असेल. कामाला वाघ. शकूची चार घावनं खाल्लीन आणि म्हणाली, "काकी, या आठवड्यातला हा माझा पाचवा. माझ्या स्वतःच्या इंटरव्ह्यूत मात्र दोनदा नापास झालेय." सगळे हसले, ऋतुजा सोडून.

कारखान्यात मूर्तींचं घासकाम बंद ठेवायला लावलं, आवाज नको म्हणून. मी शेजारच्या खोलीत. प्रणिता ऋतुजाला सांगत होती, "मी श्वास घेतला की तूही घे. मी हसले की हस. शब्द चुकला तर केस मागे घे, म्हणजे तोंडावर हात येतो." मग प्रश्न सुरू झाले, सगळे इंग्रजीत. उत्तरं फटाफट. खोलीत दोन पोरी आणि एकच आवाज. मला इंग्रजी बेतास बात कळतं, पण सूर कळतो. समोरचा माणूस दहाव्या मिनिटाला नरम पडला.

संपल्यावर प्रणिता म्हणाली, "छान बसले हो ओठ तुझे." ऋतुजा उठून तोंड धुवायला गेली. नळ पुष्कळ वेळ चालू होता.

५ मार्च

सखाचे कानही काही कमी नाहीत. घासकाम का थांबवलं होतं ते त्याने ताडलं. आज आखणी करताकरता, मान वर न करता म्हणाला, "दादा, मी डोळं काढतो ते मातीचं. गणपतीला उद्या कोण इचारत नाय, ह्या डोळ्यांनी वाचून दाखव म्हणून."

मी म्हटलं, "सखा, तुझा ब्रश वाळतोय."

"व्हय," म्हणाला.

२० मार्च

लागली! बेंगळुरूची कंपनी, काम घरून. दोन किलो पेढे आणले आणि कारखान्यात फळीवर उभा राहून सांगितलं, "मंडळी, आमची ऋतुजा तीन वर्षांच्या अनुभवाच्या जागेवर थेट लागली. कुणाची ओळख नाही, चिठ्ठी नाही. स्वतःच्या हुशारीवर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सखाने पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला. ऋतुजाला खाली बोलावलं, डोकं दुखतंय म्हणाली.

शकू म्हणाली, "पोरीच्या तोंडावर आनंद नाय हो."

मी म्हटलं, दमली असेल.

२१ एप्रिल

तीन आठवडे झाले. कंपनीने लॅपटॉप पाठवलाय, चांगला जड आहे. सकाळी सगळ्यांची मीटिंग असते. त्यात ऋतुजा बोलत नाही, घसा बसलाय असं लिहून पाठवते. बोलली तर इंटरव्ह्यूचा आवाज वेगळा होता हे कळेल ना. संध्याकाळी प्रणिताचा फोन येतो, ती सांगेल तसं ही करते. प्रणिताकडे अशा आठ पोरी आहेत, त्यामुळे कधी येतो, कधी येत नाही. मग ऋतुजा पडद्याकडे बघत बसून राहते. पहाटे चारला उठून पुस्तकं काढते. मला बरं वाटलं, म्हटलं शिकतेय. मीही असाच शिकलो.

आज मात्र एक नवल ऐकलं. प्रणिताला फोनवर सांगत होती, "या लोकांच्या प्रोग्राममध्ये एक चूक आहे. मला दिसतेय. सांगू का मीटिंगमध्ये?"

पलीकडून आवाज मोठा होता, मला स्पष्ट आला. "अजिबात नाही! कशी शोधलीस विचारतील. बोलावं लागेल. गप्प बस ना बाई, पगार घे."

ती गप्प बसली. घरातही हल्ली कमीच बोलते. घसा बसल्याचं सोंग दिवसभर वठवायचं म्हणजे सवय लागतच असेल.

७ मे

शकूने ऋतुजाच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं होतं. दोन घास खाऊन उठली. शकू मला म्हणाली, "तिला सोडवा ह्यातून."

"सहा महिने काढू दे. हर्षद म्हणाला होता, सहा महिने."

"हर्षद तुमचा कोण?"

बाईमाणसाला धीर नसतो. असं मी म्हटलं नाही, इथे लिहितोय.

२० मे

हे लिहायला हात उचलत नाही.

दुपारी बारा वाजता तिला कंपनीचा फोन आला, पडद्यावरचा. कॅमेरा चालू ठेवायला सांगितला. एक बाई आणि एक पुरुष होते. मी शेजारच्या खोलीत बसलो, नेहमीसारखा. आधी त्यांनी कामाचं काहीतरी विचारलं. ऋतुजा चाचरत बोलत होती. मग ती बाई म्हणाली, आम्ही तुम्हाला काही ऐकवतो.

आणि प्रणिताचा आवाज आला. मार्चमधला. ते सगळं त्यांनी त्या दिवशी भरून ठेवलं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फटाफट उत्तर, मध्ये हसू. एकच वाक्य त्यांनी दोनदा ऐकवलं. दाराच्या फटीतून दिसलं, ऋतुजाच्या पडद्यावर तिचाच चेहरा होता, ओठ हलवणारा.

मग ती बाई शांतपणे म्हणाली, "आता हेच वाक्य तुम्ही म्हणा."

मला वाटलं, ऋतुजा उठेल. लॅपटॉप बंद करेल. मी असतो तर नेट गेलं म्हणालो असतो. तिने ते वाक्य म्हटलं. सबंध, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिच्या स्वतःच्या आवाजात. मग "सॉरी" म्हणाली. तिकडचा पुरुष काहीतरी बोलला. मग काहीच ऐकू आलं नाही.

मी दारात गेलो. ती तशीच बसून होती, हात मांडीवर. पडदा काळा झाला होता.

२३ मे

काढून टाकल्याचं पत्र आलं. नोकरी गेली ती गेलीच. अशा नावांची चौकशी करणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्याकडे हे नोंदवलं जाईल असंही लिहिलंय. पुढे कुणीही तिला घेताना विचारलं तर हे आधी दिसणार.

हर्षदला फोन केला. "काका, टेन्शन नाही, थोडं थांबू, नाव जरा बदलून करू." नाव बदलून! पोरीचं नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं आहे. दुसऱ्यांदा केला तेव्हा त्याने उचललाच नाही.

ऋतुजाला म्हटलं, "एक मूर्ती फुटली म्हणून कारखाना बंद होतो का?" तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं.

१९ जून

पोर बोलत नाही. अगदीच नाही असं नाही. पाणी हवं का विचारलं की आधी ओठ हलतात, आवाज मागून येतो, कधी येतच नाही. दुसरं कुणी आपल्याऐवजी बोलेल म्हणून थांबल्यासारखी थांबते. डॉक्टरांनी घसा तपासला. घशाला काही झालेलं नाही म्हणाले, तिला बोलतं करा.

मी माणसं बोलती करण्यात वस्ताद. आडमुठ्या गिऱ्हाईकाला पाच मिनिटांत हसवतो. घरात माझी एक युक्ती चालत नाही. काल तिला म्हटलं, खाली येऊन बस, माणसांत बरं वाटेल. खाली आली. रंगाच्या वाट्या धुतल्यान, सगळ्या, आणि वर गेली. कारखान्यात कुणी तिला नोकरीचं विचारत नाही. सगळ्यांना कळलेलं आहे. त्यांना कळलंय हे मला कळू नये म्हणून मी आलो की पावसाचं बोलतात.

८ जुलै

जिन्यावर बसलो होतो. बसायला नको होतं.

शकू तिच्या केसांना तेल लावत होती. बऱ्याच दिवसांनी पोर लांबलचक बोलली, अडखळत. "आई, रोह्याचे ते सर होते ना. त्यांनी दोन तासांत ओळखलं, मला येत नाही म्हणून. चांगले होते, तोंडावर बोलले नाहीत. मी तेव्हाच समजायला हवं होतं. ज्या माणसाला खरं कळतं त्याने नाही म्हटलं, मग दुसरीकडे जायचंच कशाला? माझ्यात ते नव्हतंच गो."

शकू म्हणाली, "असं बोलू नको, बाय."

"नव्हतंच. मला उगाच वाटलं, तीन चुका सापडल्या."

खाली कुणीतरी मला हाक मारत होतं. दादा, अवो दादा. मी पायरीवरच बसून राहिलो.

आजवर मला वाटत होतं, पोर नोकरी गेल्यामुळे अशी झालीय.

३० जुलै

गणपती महिन्यावर आलेत, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी सखाच्या हातात किल्ल्या देऊन रोह्याला गेलो. तीस वर्षांत असं केलेलं नाही.

ऑफिसात खोकी बांधलेली होती. एलियास सर आणि त्यांच्या बायको साराबाई जुन्या फायली वेगळ्या करत होते. मुलगा आरोन इस्रायलला असतो, त्याच्याकडे चाललेत, कायमचे. काम नवी मुंबईच्या एका कंपनीला दिलं, माणसं तिकडे लावून दिली.

मी सगळं सांगितलं. सतरा जानेवारीपासून वीस मेपर्यंत. असं सलग खरं मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. साराबाई मध्येच उठून आत गेल्या.

एलियास सर म्हणाले, "सोळा दिवस ठेवली होती जागा. पंधरा म्हटलं होतं, एक दिवस जास्त ठेवली. मग निडीची मालू घेतली. तीही चांगली आहे."

"आता काही करता येईल, सर?"

"माझ्याकडे काय राहिलंय? ही खोकी. चिठ्ठी देईन, पण तिच्या नावापुढे आता जे लिहिलंय ते माझ्या चिठ्ठीने पुसलं जाणार नाही. ते तिला वर्षानुवर्षं पुरेल." चष्मा काढून पुसत बसले. "ती तिसरी चूक, हैबतराव. आम्ही तीन दिवसांत दुरुस्त केली. चार कारखान्यांत. रात्रपाळीचे लोक वर्षभर तक्रार करत होते, आम्ही त्यांनाच खोटं ठरवत होतो."

मी खाली बघत होतो.

"तुमच्या मुलीला वाटतंय, मी तिला नापास केलं. हे माझ्या नावावर ठेवून मी देश सोडू? मी फोन करू तिला?"

"नको सर. मी सांगतो."

"बघा हं. जानेवारीत माझे आशीर्वादही तुम्हीच सांगणार होतात."

साराबाईंनी चहा आणला होता. मी कप तसाच ठेवून उठलो.

३१ जुलै

आज सांगायचं होतं. दादरची गाडी आली मूर्ती न्यायला. राहिलं.

१ ऑगस्ट

आजही राहिलं. गाडी वगैरे काही नव्हती.

३ ऑगस्ट

सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी रात्रीपासून वाक्य जुळवत होतो, गैरसमज झाला, परिस्थिती अशी होती, वगैरे. तिच्यासमोर उभा राहिलो आणि एवढंच निघालं, "ऋतू, एलियास सरांनी तुला घेतलं होतं. सतरा जानेवारीला फोन आला होता मला. मी तुला सांगितलं नाही."

तिच्या हातात ओला टॉवेल होता. त्याचं पाणी पायांवर पडत राहिलं. ओठ हलले. मी थांबलो. पुष्कळ वेळाने आवाज आला.

"काय म्हणाले होते? तसंच्या तसं सांगा."

सांगितलं. शोधायची नजर आहे. येत नाही ते येत नाही म्हणते. मुलगी आमची.

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं.

"आणि तिसरी चूक?"

"बरोबर होती. चार कारखान्यांत दुरुस्त केली त्यांनी."

"म्हणजे मी पास झाले होते," ती म्हणाली. मला नाही, टॉवेलला सांगितल्यासारखं. मी ओरडण्याची तयारी ठेवली होती, मार खाण्याचीही. तिने टॉवेल पिळला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

तेही सांगितलं.

"आता आईला सांगा."

स्वयंपाकघरात शकू भाकऱ्या थापत होती. ऋतुजा दाराला टेकून उभी राहिली. मी बोलत असताना तव्यावरची भाकरी करपली. शकूने गॅस बंद केला, हात पुसले. "पोर सहा महिने म्हणत व्हती, मला येत नाय, मला येत नाय," ती म्हणाली. "आणि तुम्ही जिन्यावर बसून ऐकत व्हता." एवढंच.

मला वाटलं, संपलं. ऋतुजा म्हणाली, "आता खाली."

"खाली कशाला?"

"पेढे खाली वाटले होते तुम्ही."

"ऋतू, सीझन आहे. माणसं कामात आहेत. मला मान आहे तिथे."

ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, मी पुढे व्हायची वाट बघत.

मी उतरलो. चौदाही जण हजर होते, रविवार असून. मी मधोमध जाऊन उभा राहिल्यावर एकेक ब्रश थांबला. फळीवर चढलो नाही. इतक्या वर्षांत माणसांसमोर बोलताना मला कधी घाम आला नव्हता.

"मंडळी," मी म्हटलं, "आमच्या ऋतुजाच्या नोकरीचं तुम्हाला माहीतच आहे. त्यात जरा, म्हणजे माझ्याकडून, थोडी घाई झाली, थोडी चूक झाली..."

"थोडी नाही, आप्पा."

मागून, जिन्यावरून. न अडखळता. घासकामाच्या टोकाला बसलेल्यालाही ऐकू जाईल एवढा आवाज.

"सतरा जानेवारीपासून सांगा."

सखाने ब्रश पाण्यात ठेवला. कुणी पावसाचं बोललं नाही. मी सतरा जानेवारीपासून सांगितलं.